तळ्यात सापडलेला अनोळखी छोटा मासा ओळखायचा कसा?

नाशिकजवळच्या कुठल्याही धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून बसा, बोटभर लांबीचा चंदेरी मासा हमखास लागतो आणि काठावरच्या चौघांकडून त्याची चार नावं कळतात. चौघंही आपापल्या गावचं खरं नावच सांगत असतात. मात्र एकाच नावाखाली तीन-चार जाती खपून जातात, म्हणून नावाकडे शेवटी वळायचं. आधी मासा नीट पाहायचा.

त्याआधी एक गोष्ट. धरणांमधली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्याने दिलेली असते, तेव्हा विचारून घ्या. निफाड तालुक्यातलं, गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे गळ-जाळं न्यायचंच नाही.

फोटो: अर्धी ओळख इथेच होते किंवा फसते

हात ओले करून मासा धरा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. साधारण २० सेंमी लांब, १० सेंमी उंच आणि ४ सेंमी रुंद अशी काचेची छोटी पेटी ग्लास कापणाऱ्याकडून चिकटवून घ्या. तिच्यात त्याच तळ्याचं पाणी भरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मासा आत सोडून मागून काचेचा एक सुटा तुकडा हलकेच पुढे सरकवा, म्हणजे तो पुढच्या काचेजवळ स्थिर होतो आणि पर आपोआप उघडतो. डोकं डावीकडे, शेजारी पट्टी, ऊन बाजूने, फ्लॅश बंद. खवले आरशासारखे चमकतात, त्यामुळे फ्लॅश मारला की पांढऱ्या डागापलीकडे काहीच दिसत नाही.

एकूण चार फोटो लागतात: पूर्ण बाजू, समोरून तोंड, पाठीचा पर जवळून आणि पोटाची खालची बाजू. तळहातावर मिटलेल्या परांचा मासा धरून काढलेला फोटो कुणालाही पाठवा, उत्तर 'बहुधा अमुक' असंच येणार.

मासा मेला असेल तर थर्मोकोलवर आडवा ठेवून ओल्या कुंचल्याने पर पसरा आणि आलपिनांनी धरून ठेवा. फोटो लगेच काढा, रंग काही तासांत उडतात.

अंगावरून हात फिरवत जा

मिशा आहेत का? अंगावर खवले नाहीत, मिशांच्या चार जोड्या आहेत आणि पाठीच्या पराच्या मागे काड्या नसलेला मांसल पर आहे, तर तो शिंगटीच्या कुळातला. जपून धरा. पाठीच्या आणि कल्ल्यांमागच्या परांचे काटे ताठ उभे राहून अडकतात आणि बोटात घुसतात. टोचलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवा, ठणका कमी होतो. सूज किंवा दुखणं वाढलं तर डॉक्टरकडे जा.

पाठीवर दोन वेगळे पर आहेत आणि अंग इतकं पारदर्शक आहे की मणका मोजता येतो? तो चंदा. पाहायला नाजूक, पण त्याची एक जात चक्क दुसऱ्या माशांचे खवले उपटून खाते.

पाठीचा पर एकच, पण लांब, पुढचा भाग टोकदार काट्यांचा आणि अंगावरची बारीक छिद्रांची रेघ मध्येच तुटून खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते? मग चिलापी. पोट सुरीच्या धारेसारखं आणि पाठीचा पर बराच मागे, थेट गुदपराच्या (पोटाखाली, गुदद्वारामागे असलेल्या पराच्या) वर? तो पाण्याच्या वरच्या थरात झुंडीने फिरणारा चपटा चंदेरी मासा आहे. त्याचे खवले बारीक असतात आणि हाताला लगेच निघून येतात.

हनुवटीखाली चूषकासारखी गोल गादी दिसली तर तो मळ्या. वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहायला ती गादी कामी येते. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा कितीतरी जातींना इथलीच नावं दिली. म्हणून या माशाचं शास्त्रीय नाव आजही 'गारा मुल्या' आहे.

ठिपकेवाल्या दोघांचा घोळ

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन काळ्या ठिपक्यांच्या, पाच-सात सेंमीच्या माशांत. दोघांनाही मिशा नाहीत, खवले अंगाच्या मानाने मोठे. 'पुंटियस सोफोर'चा एक ठिपका शेपटीच्या मुळाशी आणि दुसरा पाठीच्या पराच्या बुडाशी असतो. 'पेथिया टिक्टो'चा एक ठिपका कल्ल्याच्या जरा मागे, दुसरा शेपटीच्या थोडा अलीकडे, गुदपराच्या वरच्या बाजूला.

पण ठिपक्यांवर थांबू नका, ते फिके पडतात. दहापट भिंग घ्या आणि पाठीच्या पराची शेवटची, टोकाला फाटे न फुटलेली जाड काडी मागच्या कडेने पाहा. करवतीसारखे दाते असतील तर टिक्टो, कड गुळगुळीत असेल तर सोफोर. मग कल्ल्यापासून शेपटीकडे, छिद्रं असलेले खवले सुईच्या टोकाने एकेक मोजत जा. सोफोरमध्ये ही रेघ शेपटीपर्यंत पोचते आणि २२ ते २७ खवले भरतात. टिक्टोमध्ये ती थोड्याच खवल्यांनंतर संपते. मोजताना खवले ओले ठेवा, वाळले की छिद्रं दिसेनाशी होतात.

विणीच्या काळात सोफोरच्या नराच्या अंगावर लाल पट्टा येतो आणि लोक त्याला वेगळीच जात ठरवतात. रंगावर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवायचा, तो याचसाठी.

छोटा मासा की मोठ्याचं पिल्लू?

धरणांत मत्स्यबीज सोडलं जातं, त्यामुळे हातात आलेली 'नवी जात' बरेचदा कटल्याची किंवा मृगळाची बोटुकली निघते. डोकं मोठं, तोंड वर वळलेलं आणि मिशा नाहीत, तर कटला. ओठांना झालरीसारखी कड असेल तर रोहू. मिशांच्या दोन जोड्या आणि पाठीच्या पराचं बूड लांबलचक असेल तर सायप्रिनस.

अंगावर हाडांचं चिलखत आणि तोंड खाली असलेला मासा निघाला, तर तो कुणीतरी घरच्या टाकीतून सोडलेला सकर. तो परत पाण्यात टाकू नका.

नाव पक्कं करणं

नोंद अशी लिहा: तारीख, तळ्याचं नाव, पाणी वाहतं की साचलेलं, मुस्कटापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी (शेपटी धरून नव्हे, तिची टोकं तुटलेली असतात), मिशा, ठिपके, खवल्यांची मोजणी. ही माहिती आणि चार फोटो घेऊन फिशबेस या माशांच्या माहितीच्या संकेतस्थळावरची वर्णनं ताडून पाहा किंवा आयनॅचरलिस्ट या फोटोवरून जीव ओळखायच्या ॲपवर टाका. ॲपने एका फोटोवरून सुचवलेलं नाव मात्र ठिपक्यांच्या माशांत वारंवार चुकतं, तेव्हा दाते आणि छिद्रांची रेघ स्वतः जुळवून बघा. एखादं लक्षण जुळलं नाही तर कुळापुरतंच नाव लिहा. बाजारातल्या मासेविक्रेत्या मावशींना स्थानिक नाव विचारून शेजारी नोंदवा, तेही गावासकट.

जिवंत मासा असेल, तर सकर वगळता फोटो झाले की त्याच तळ्यात, त्याच काठाला सोडा.