चित्रात पाणी आणताना या चुका टाळा

पाणी म्हटलं की हात आपसूक निळ्या ट्यूबकडे जातो. पहिली चूक तीच. मुंबईचा समुद्र एरवी करडा, पावसाळ्यात तर मातकट दिसतो. शिवाय आपलं रोजचं नातं समुद्रापेक्षा नळाशी जास्त आहे. १८९२ साली पूर्ण झालेल्या तानसा धरणाचं पाणी आजही ठाणे जिल्ह्यातून जाडजूड पाइपांतून शहरात येतं, आणि ते नळाला कधी येणार यावर कितीतरी घरांचा दिवस ठरतो. पहाटे नळ फुसफुसला की उठणारी आई, पिंपाच्या आत उरलेली पाण्याची रेघ, कळशीला घासून झिजलेली ओट्याची कड. चित्र इथून सुरू करा. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ सालची आहे, समुद्र इतका जवळ असूनही तिचं पाणी गोडं. असा एखादा विषय हाताशी असताना पुन्हा लाटाच का काढायच्या?

आता चित्रात चिकटवायच्या, शिवायच्या साहित्याकडे वळू. सगळ्यात जास्त नुकसान मीठ करतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. मी एकदा गिरगाव चौपाटीवरून बाटलीभर पाणी आणलं आणि त्यात शाई पातळ करून कागदावर सोडली. वर तांब्याची तार शिवली. जानेवारीत बारीक स्फटिक चमकत होते, मला फार आवडलं होतं ते काम. जुलैत त्याच जागी ओलसर डाग पडले आणि तारेभोवती हिरवी कड धरली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा भराभर ओढून घेतात. पावसाळ्यात खड्याच्या मिठाला पाणी सुटतं, तसंच चित्रालाही सुटतं. म्हणून वाळू, शिंपले, दोर, जे काही किनाऱ्यावरून आणाल ते रात्रभर गोड्या पाण्यात भिजवा आणि पाणी चार-पाच वेळा बदला. शेवटच्या पाण्याचा थेंब काळ्या कागदावर वाळू द्या. जाड पांढरा थर उरला तर अजून धुवायला हवं. जे काम आधीच खारट झालंय त्यावरचे स्फटिक सुक्या ब्रशने झाडा आणि फ्रेमच्या मागे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डाग वाढायचे थांबतील, जाणार मात्र नाहीत.

मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा हल्ली बऱ्याच जणांना चित्रात हवा असतो. नायलॉनवर गोंद धरत नाही, महिन्याभरात सुटतो. सुईदोऱ्याने शिवा. आणि कोळीवाड्यात पडलेलं जाळं टाकाऊ समजून उचलू नका. ते दुरुस्तीला काढलेलं असू शकतं. तिथल्या मावशींना विचारा. बोंबलाचं डोल जाळं कसं लावतात हे त्या सांगतील, आणि ते ऐकल्यावर तो तुकडा चित्रात कुठे बसवायचा हेही बहुधा बदलेल.

कागद ३०० जीएसएमपेक्षा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅमपेक्षा) हलका घेतलात तर तो पन्हाळीसारखा वाकणारच. वाकला असेल तर मागून पाण्याचा हलका फवारा मारा, दोन कोऱ्या टीपकागदांमध्ये ठेवा आणि वर वजन देऊन दोन दिवस हात लावू नका.

२६ जुलै २००५ वर काम करणारे अजूनही पुष्कळ भेटतात. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्याकडे त्या दिवसाची कात्रणं, भिजलेले फोटो जपून ठेवलेले असतात. ते मूळ कागद चित्रात चिकटवू नका. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि फोटो एकदा चिकटला की परत मिळत नाही. त्यांची लेझर झेरॉक्स काढा. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई ओला गोंद लागताच पसरते. एका विद्यार्थिनीने आजीचा पुरात भिजलेला एकुलता एक लग्नाचा फोटो कापायला घेतला होता. मी कात्री काढून घेतली, आणि आजही मला ते योग्यच वाटतं.

पावसाळ्यात घाई नको. चिकटवायला वापरतो ते ॲक्रिलिकचं जेल ओलं असताना पांढरं दिसतं आणि सुकल्यावर पारदर्शक होतं. एरवी जो थर एका दिवसात सुकतो त्याला जुलैत तीन-चार दिवस द्या, आणि थर पातळ ठेवा. आत दुधाळ ढग दिसत असेल तर वर वार्निश चढवू नका. ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं इपॉक्सी रेझिन भर पावसात ओतलं तर वर चिकट थर येऊ शकतो. रेझिन पूर्ण घट्ट झाल्यावर तो कोमट पाण्याने पुसून निघतो, पण आतला ढगाळपणा निघत नाही. रेझिनचं काम मी दिवाळीनंतरच करते.

फ्रेमची काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला. नाहीतर तिथे बुरशी धरते. धरलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती आणखी पसरेल. काम सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, पूर्ण सुकू द्या. मग तोंडाला मास्क लावून घराच्या बाल्कनीत न्या आणि मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा.