दुर्बिणीतून आतड्याचं ऑपरेशन झालंय? पुढची पाच वर्षं अशी सांभाळा

माझ्या पोटावर चार बारीक खुणा आहेत आणि बेंबीखाली बोटभर लांबीचा एक व्रण. त्या बोटभर जागेतून वीतभर आतडं बाहेर काढलं, कर्करोगाच्या गाठीसकट. भेटायला येणारे हळूच विचारायचे, "एवढ्याशा भोकातून सगळं निघालं असेल ना?" मलाही रात्री तोच प्रश्न पडायचा.

१९९०च्या दशकात सर्जन मंडळींनाही हीच धास्ती होती, कारण छिद्रांच्या जागीच रोग पुन्हा उगवल्याची उदाहरणं समोर आली होती. मग अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८७२ रुग्णांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. पाच वर्षांनी हयात असलेले दोन्हीकडे साधारण चारांत तीन, आणि जखमेत रोग उगवलेले दोन्हीकडे शंभरात एकाहून कमी. तेव्हा छिद्राच्या आकाराची काळजी सोडा. फाईल उघडा.

सगळ्यात आधी बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट काढा. त्यात किती लसिका ग्रंथी (आतड्यालगतच्या छोट्या गाठी, ज्यांत रोग पसरू शकतो) तपासल्या आणि त्यातल्या कितींमध्ये रोग सापडला, हे लिहिलेलं असतं. माझ्या रिपोर्टात ०/१७ होतं. ती ओळ मी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवली आहे. निदान १२ तरी तपासलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. कमी असतील तर घाबरू नका, पण कारण विचारा आणि केमोच्या निर्णयावर त्याचा परिणाम होतो का, तेही विचारा. कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत का, ते बघा. गाठ गुदाशयात, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात असेल तर हा प्रश्न दोनदा विचारा. तिथे जागा अरुंद, काम अवघड. २०१५ साली आलेल्या दोन चाचण्यांत दुर्बिणीने काढलेला भाग उघड्या शस्त्रक्रियेइतकाच नीट निघतो, असं सिद्ध करता आलं नव्हतं. त्याच वर्षीच्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत मात्र तीन वर्षांत त्याच भागात रोग परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे ५ टक्केच होतं. माझ्या मते इथे यंत्रापेक्षा सर्जनचा सराव बघावा.

आता कॅलेंडर. रोग परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांतच परततो. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी (रोग परतला तर हा आकडा वाढू शकतो), पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी. ठरल्याप्रमाणे सीटी स्कॅन. आणि वर्षभरात कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासणं. तुमच्या टप्प्याप्रमाणे डॉक्टर यात फेरफार करतील.

इथे मी चुकलो. लहान जखम, लवकर सुट्टी, तिसऱ्या आठवड्यात जिने चढत होतो; दुसऱ्या वर्षी वाटलं, आपण बरेच झालो, आणि दोन सीईए चुकवले. तिसरा केला तो वेगळ्या लॅबमध्ये. आकडा वाढलेला आला आणि आठवडाभर झोप उडाली. जुन्या लॅबमध्ये पुन्हा केल्यावर तो नेहमीसारखाच निघाला. पद्धत बदलली की आकडा बदलू शकतो, म्हणून लॅब बदलू नका. धूम्रपान करत असाल तर तेही सांगा, त्यानेही सीईए थोडा चढतो.

व्रणाकडे लक्ष असू द्या, पण वेगळ्या कारणासाठी. आरशासमोर उभं राहून हात त्या मोठ्या व्रणावर ठेवा आणि खोका. हाताला फुगवटा लागला तर हर्निया असू शकतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो बहुधा आतडं काढलेल्या जागीच होतो. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारा सरत नसेल तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शौचाच्या सवयी बदलतात, हे कोणी आधी सांगत नाही. गुदाशयाचं ऑपरेशन झालेल्यांना तर घाई, पुन्हा पुन्हा जाणं, कधी थोडी गळती असे त्रास महिनोन्महिने पुरतात. लाजून गप्प बसू नका. औषधं आहेत, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, आणि फिजिओथेरपिस्टला हे रोजचंच असतं.

माझ्या वहीत एका पानावर तारीख आणि सीईए असे दोनच रकाने आहेत. दुसऱ्या वर्षातल्या दोन ओळी अजून रिकाम्या आहेत.