वीणा हातोहाती: हरिपाठ मंडळ सुरू करून घरच्या कामाचा भार कसा वाटून घ्यावा

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. रात्री दोन वाजता मंडपात चिटपाखरू नसलं, तरी कुणीतरी गळ्यात वीणा घालून नाम घेत उभं असतं. त्याचा पहारा संपला की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. लहानपणापासून मी हे पाहत आले. पण त्यातली खरी गोष्ट मला संसारात पडल्यावर, पार थकून गेल्यावर कळली. वीणा खाली ठेवायची नाही हे खरं, पण ती एकट्याने सात दिवस धरायची असं कुणीच कधी म्हटलेलं नाही. आपल्या घरात मात्र एकच बाई वर्षानुवर्षं पहाऱ्यावर उभी असते आणि तिला बदली द्यायला कुणी येत नाही.

आमच्या कॉलनीतल्या महिला हरिपाठ मंडळात आम्ही हाच पहारा घरकामात आणला. तो कसा आणायचा, ते सांगते. तुमच्याकडे हरिपाठाऐवजी स्तोत्रपठण असेल, वसईत रोझरी असेल, गोव्यात खुरसाजवळची, म्हणजे क्रुसापाशी म्हटली जाणारी लादीन ही प्रार्थना असेल. चार बायका देवासमोर नेमाने एकत्र बसतात, तिथे हे जमतं.

आधी आपला आठवडा वहीत उतरवा

मंडळाच्या आधी हे एकटीने करायचं. साधी शंभर पानी वही घ्या आणि सोमवार ते रविवार तुम्ही काय काय करता ते लिहा. स्वयंपाक, धुणं, ऑफिस हे तर लिहालच. पण सासऱ्यांच्या गोळ्या संपत आल्यात हे लक्षात ठेवणं, दूधवाल्याचे खाडे मांडणं, मुलीच्या शाळेला उद्या कार्डशीट लागणार हे रात्री साडेदहाला आठवणं, हेही लिहा. जास्त थकवा याच कामांचा असतो, आणि ती कुणाला दिसत नाहीत.

मग प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: ‘मी’, ‘घर’ किंवा ‘मंडळ’. जे माझ्याशिवाय होणारच नाही ते ‘मी’. घरातलं दुसरं माणूस करू शकेल ते ‘घर’. शेजारणींनी मिळून केलं तर हलकं होईल ते ‘मंडळ’. पहिल्यांदा सगळीकडे ‘मी’च पडेल, माझंही तेच झालं होतं. दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा वाचा. पोळ्या करण्यापुढे मी ‘मी’ लिहिलं होतं आणि पाण्याच्या बाटल्या भरण्यापुढेही. दुसऱ्या वाचनात बाटल्यांपुढचा ‘मी’ खोडताना मला रडू आलं, कारण घरात दोन धडधाकट माणसं असताना ते काम मी बारा वर्षं केलं होतं.

पाच जणी, एक वार, एक वेळ

सगळ्यांना सोयीची वेळ शोधत बसलात तर मंडळ कधीच सुरू होणार नाही. पाच जणी जमल्या की वार ठरवा. नोकरी करणाऱ्या असतील तर शनिवारी संध्याकाळी सहा ही वेळ बरी पडते. जागा देवळाच्या सभामंडपाची किंवा इमारतीच्या गच्चीची घ्या. आळीपाळीने घरोघरी बसायची पद्धत टाळा, कारण घर म्हटलं की आवराआवर आली.

ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग चालीवर म्हणायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाठ नसला तरी चालतं, छोटी पुस्तिका समोर ठेवायची. टाळ नसतील तर टाळ्या वाजवा. पेटी-तबल्याची वाट पाहू नका. सहा वाजले की तिघी असल्या तरी सुरू करायचं, आणि उशिरा आलेलीला काही विचारायचं नाही. ती कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत थांबून धावत आलेली असते.

पाळी आहे म्हणून कुणाला घरी बसवायचं नाही. नाम घ्यायला काळवेळ लागत नाही, असं हरिपाठातच सांगितलं आहे. तसंच कुंकवाचं. आमच्याकडे नवरा गेलेल्या तिघी आहेत आणि पहिलं कुंकू त्यांनाच लावतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. देवासमोर बसून जर एखादीला बाजूला ठेवायचं असेल, तर मंडळ काढूच नये.

प्रसाद खडीसाखरच

हा नेम पहिल्या दिवशी सांगा आणि मोडू देऊ नका. नाहीतर पहिल्या शनिवारी फुटाणे, दुसऱ्या शनिवारी शिरा, तिसऱ्याला बटाटेवडे आणि चौथ्याला कुणीतरी ‘आमच्याकडे या वेळी नको’ म्हणून मागे सरते. भार हलका करायला बसलो आणि एक नवा भार घेऊन उठलो, असं व्हायला नको. फार तर गूळ-शेंगदाणे. साडीचा रंग ठरवायचा नाही, ड्रेस चालतो, ऑफिसचं आयकार्ड गळ्यात असलं तरी चालतं.

पहाऱ्याची वही

आरती झाली की लगेच उठायचं नाही. पंधरा मिनिटं बसायचं आणि मंडळाची वही उघडायची. प्रत्येकीने येत्या आठवड्यातली एक अडचण सांगायची. एकच, आणि ती कुठला वार, किती ते किती, नेमकं काय अशी मोजून. ‘जरा मदत लागेल’ असं म्हटलं की सगळ्या माना डोलावतात आणि कुणीच येत नाही. ‘बुधवारी साडेबारा ते दोन, मुलाला स्कूलबसवरून घेऊन जेवायला वाढायचं’ असं म्हटलं की कुणीतरी हात वर करतंच. वहीत तिचं नाव लिहायचं. हा तिचा पहारा.

ऐकायला हे सोपं आहे, पण मागणं फार अवघड असतं. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास, शिवाय येणं-जाणं. तीन महिने ती दर शनिवारी आली, हरिपाठ म्हटला आणि वही तिच्यापाशी आली की ‘माझं काही नाही’ म्हणून पुढे सरकवली. एका शनिवारी पंचविसाव्या अभंगाशी तिचे टाळ थांबले. पाहिलं तर ती बसल्याजागी झोपली होती, टाळ हातात तसेच, बोटांत दोरी गुंडाळलेली. कुणी उठवलं नाही. उरलेले दोन अभंग आम्ही हळू आवाजात म्हटले. ती जागी झाल्यावर वयाने सगळ्यात मोठ्या असलेल्या काकूंनी वही स्वतःच्या मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “मंगळवार माझा. तुझ्या सासूबाईंना मी नेते. मला तसंही घरी टीव्हीच बघायचा असतो.” शुक्रवार दुसरीने घेतला.

त्या दिवसापासून आम्ही नेम बदलला. ‘माझं काही नाही’ हे सलग दोनदा म्हणायचं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं की आम्हीच विचारतो, “जेवलीस का वेळेवर? झोप होते का?”

पहाऱ्याला शेवट हवा, हेही लक्षात ठेवा. दोन ते चार म्हटलं की चारला ती मोकळी. चारचे पाच झाले तर पुढच्या वेळी हात वर होत नाही. आणि ज्या आठवड्यात आपल्याला झेपत नाही, त्या आठवड्यात सरळ ‘या वेळी मला जमणार नाही’ म्हणायचं. त्यात देवाचा काही अपराध होत नाही.

सण मिळून उरका

श्रावण ते दिवाळी हे आपले सगळ्यात धावपळीचे महिने. मंगळागौर, गणपती, गौरी, नवरात्र आणि मग फराळ. घरचे कुळाचार घरीच करावेत. गौरींचं आवाहन, पूजन, विसर्जन हे ज्या त्या घरच्या पद्धतीने होतं, त्यात मंडळाने पडू नये. पण दळण, भाजणी, वाणसामान आणि तळण यांना कुळाचार नाही. ती कामं बिनधास्त वाटून घ्या.

फराळाचं आम्ही असं करतो. सहा जणींचा एक गट. प्रत्येकी एकच पदार्थ, पण सहा घरांपुरता: चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, शेव आणि अनारसे. दिवाळीच्या तीन आठवडे आधी यादी करून वाणसामान एकदम आणायचं, पावत्या वहीत चिकटवायच्या आणि खर्च सहात वाटायचा. घरी गॅसपुढे सहा दिवस उभं राहण्याऐवजी एक दिवस उभं राहायचं. चकलीची भाजणी आम्ही चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, एक वाटी मूगडाळ आणि अंदाजाने धने-जिरे या मापाने करतो. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा, पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत द्यायचा. ज्या घरात तिखट कमी लागतं त्यांच्या वाट्याचं पीठ आधी बाजूला काढा. एवढं केलं की ‘आमच्या घरी असं चालत नाही’ हे वाक्य निम्म्याने कमी होतं.

करंज्या मात्र वाटून द्यायच्या नाहीत, त्या एकत्र बसूनच करायच्या. याला कारण आहे. पुरी लाटली की वाळायला लागते, कड चिकटत नाही आणि मग कढईत करंजी उकलून सारण तेलात सांडतं. एकटीने लाटायचं, भरायचं, कातायचं, तळायचं म्हणजे नुसती धांदल. पाच जणी बसल्या की एक लाट्या करून ओल्या फडक्याखाली ठेवते, दुसरी लाटते, तिसरी कडेला दुधाचं बोट फिरवून सारण भरते, चौथी कातण फिरवते, पाचवी कढईशी. दर तासाला जागा बदलायच्या, म्हणजे तळणारीची पाठ धरत नाही. दोन-अडीच तासांत दीडशे करंज्या होतात आणि तोंडाने अभंग चालू असतात. जनाबाई दळता-कांडता विठ्ठलाला गात होती ती अशीच, हातातलं काम न सोडता.

शनिवारची संध्याकाळ घरच्यांची

हा टप्पा सगळ्यात नाजूक. ‘देवाचं आहे ना, मग सगळं उरकून जा’ हे प्रेमाने म्हटलं जातं आणि बाई चारपासून दोन्ही वेळचा स्वयंपाक करून धापा टाकत हरिपाठाला येते. देशात २०१९ साली झालेल्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे सुमारे पाच तास आणि दीड तास. आपल्या घरचा हिशेब पहिल्या वहीत आहेच, तो दाखवा.

शनिवारचं रात्रीचं जेवण घरातली बाकी माणसं करतील, एवढं एकच मागा. तक्रारीच्या सुरात नको, आणि भांडणाच्या दिवशी तर नकोच. पहिले चार शनिवार खिचडी करपेल, ओटा पसरलेला असेल. तो आवरायला जाऊ नका. हे मला फार जड गेलं. करपलेला कुकर मी दोनदा गुपचूप घासला, आणि दोन्ही वेळा पुढच्या शनिवारी ‘आई, तूच कर ना’ ऐकलं. तिसऱ्यांदा तो रात्रभर तसाच भिजत ठेवला, रविवारी सकाळी मुलाने घासला.

काही गोष्टी पहिल्यापासून सांभाळा

वहीपाशी बोललेलं सभामंडपातच राहिलं पाहिजे. एखादीचं घरचं दुखणं दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी ऐकू आलं, तर मंडळ तिथेच मोडतं. मंडळात उसनवारी करू नका. महिना पन्नास रुपये वर्गणी, वात-तेल-खडीसाखरेला पुरते. भिशी हवी असेल तर ती वेगळ्या वारी. व्हॉट्सॲप गटावर फक्त पहारा आणि निरोप, सुप्रभातचे फोटो नकोत.

आणि एक फार महत्त्वाचं. एखादीच्या अंगावर वळ दिसले, एखादी ‘जगून काय करू’ म्हणाली, तर ‘नाम घे, सगळं ठीक होईल’ एवढ्यावर थांबू नका. नाम घ्यावंच, पण हातात फोनही घ्यावा. महिलांसाठी १८१, तातडीच्या वेळी ११२, मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६. हे तीन नंबर आम्ही वहीच्या पहिल्या पानावर, विठ्ठलाच्या नावाखाली लिहून ठेवले आहेत. फोन लावताना तिच्याजवळ बसणं हाही पहाराच.

पंधराच्या वर गेलात की

मंडळ वाढलं की आनंद होतो, पण पंधराच्या पुढे वही फिरेपर्यंत तास जातो आणि लाजऱ्या बायका पुन्हा गप्प होतात. तेव्हा दोन मंडळं करा. जुन्यातल्या तिघी नव्यात जातात, जागा तीच, वार दुसरा. एकादशीला दोन्ही मंडळांनी एकत्र बसायचं. नव्या मंडळाची वही जुन्यांनी विकत घेऊन द्यायची, आतलं पहिलं पान भरून. आमच्या दुसऱ्या मंडळाचा वार मंगळवार आहे आणि त्याची वही ती डायलिसिसवाली सांभाळते. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. मंगळवार तिचा मोकळा झाला होता, तो तिने स्वतःच मागून घेतला.