जुन्या फौजी रायफली जमवताय? या चुका टाळा

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो. उमेदीची वर्षं कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात गेली, आता साताऱ्यात असतो. अपशिंग्यासारखी गावं जवळ आहेत, घरटी एक तरी फौजी, त्यामुळे बंदुकीचं वेड इथं नवं नाही. नवं एवढंच, की पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात आणि मला विचारतात, "काका, गारंड केवढ्याला पडेल?"

इथंच पहिली चूक. आपल्याकडे असली सेमी-ऑटोमॅटिक फौजी रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तर परवान्यावर हत्यारंच दोन, आधी तीन होती. "शोभेची आहे, उडत नाही" ही पळवाटही धरू नका. दुरुस्त करूनसुद्धा उडणार नाही, इतकी ती निकामी लागते. माळ्यावर आजोबांचं काही सापडलं तर खोलून बघत बसू नका, पोलीस ठाण्यात कळवा. आपण वाचावं, अभ्यास करावा. जमवायची हौस परदेशातल्या नातेवाइकांनी भागवावी.

तसा एक नातेवाईक मला आहे. बहिणीचा मुलगा, टेक्सासात असतो, तिकडचा नागरिक झालाय. त्यानं एम-वन गारंड घेतली. 1936 साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेली ही रायफल. थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसाच्या आठ गोळ्यांची क्लिप वरून दाबायची, पुढची गोळी गॅसच्या जोरावर आपोआप चढते, पण एका ट्रिगरला एकच गोळी, म्हणून सेमी-ऑटोमॅटिक. (आपल्या फौजेची जुनी, इशापूरच्या कारखान्यातली एसएलआर रायफलही तशीच. तिला ऑटोमॅटिक म्हणणाऱ्याशी मी वाद घालणं सोडलंय.) गारंड 54 लाखांच्या आसपास बनल्या, म्हणजे दुर्मीळ नाही. तिची किंमत ठरते ती अंगावरच्या खुणांवरून.

भाच्यानं फोटो पाठवला. लाकूड काळपट, तेलकट, आणि डाव्या अंगाला तपासनिसाच्या आद्याक्षरांचा चौकटीतला शिक्का, पुसट पण वाचता येणारा. मी म्हटलं, "बाबा रे, हिला काही करू नकोस." दिवाळीत दुसरा फोटो आला. लाकूड डायनिंग टेबलासारखं चमकत होतं. साहेबांनी दोन शनिवार-रविवार पॉलिश पेपर मारून वर वार्निश चढवलं होतं. शिक्का गेला. लोखंडावरचा राखाडी, खरबरीत पार्करायझिंगचा थर, जो तेल धरून ठेवायलाच दिलेला असतो, तोही घासून काळा केलेला. "मामा, नवी दिसते की नाही?" दिसत होती ना! ऐंशी वर्षांच्या म्हातारीला शाळेचा युनिफॉर्म घातल्यासारखी.

पुढे त्यानं ती एका जाणकाराला दाखवली. त्यानं उलटीपालटी करून परत दिली, म्हणाला, "गोळी मारायला छान आहे." संग्राहकाच्या तोंडी याचा अर्थ, कपाटात ठेवण्याच्या लायकीची राहिली नाही. शिक्के पुन्हा मारून देणारे असतात, पण ती शुद्ध लबाडी.

माझी सवय सांगतो. कोरड्या फडक्यानं मळ पुसायचा, मग तळहातावर कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन थेंब घेऊन लाकूड चोळायचं. आठ दिवसांनी परत. कंटाळा येत असेल तर दुसरा छंद बघा.

सगळ्या भागांवर एकच नंबर हवा, हा नंबर जुळवण्याचा सोसही असाच. गारंडच्या सुट्या भागांवर असतो तो ड्रॉइंग नंबर, म्हणजे त्या भागाच्या आराखड्याचा, त्या रायफलीचा नंबर नव्हे. शिवाय लष्करी कारखान्यांत दुरुस्तीला गेल्या की भाग सरमिसळ व्हायचेच. एसकेएस या मूळ रशियन घडणीच्या फौजी रायफलीचं उलटं, तिच्या भागांवर रायफलीचाच नंबर मारतात. तिथं नंबर विजेच्या लेखणीनं खरवडून घातलेला दिसला, की तो मागाहून जुळवलाय असं समजा.

गारंडमध्ये शिकारीची जड, दमदार काडतुसं घालू नका, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, मागं खेचणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो. आणि क्लिप दाबताना अंगठा सांभाळा, बोल्ट झटकन पुढं येतो.

आता ग्रीस. गोदामातली एसकेएस कॉस्मोलीनमध्ये, म्हणजे गंज लागू नये म्हणून लावायच्या घट्ट ग्रीसमध्ये, बुडवून ठेवलेली असते. घाईवाले वरवर पुसतात आणि त्याच संध्याकाळी रेंजवर जातात. तिची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आपटणारी सुई, मोकळी असते, स्प्रिंग नसते. बोल्टच्या आत वाळलेल्या ग्रीसमध्ये ती पुढं अडकली, की बोल्ट बंद होतानाच, ट्रिगरला बोट न लावता, गोळी सुटते. कधी मागोमाग पुढचीही. म्हणून बोल्ट सुटा करून आतून धुवायचा, मग कानाशी धरून हलवायचा. पिन खुळखुळली पाहिजे.

जुन्या फौजी काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचं मीठ नळीत उरतं, ते दमट हवेत पाणी ओढतं. नुसत्या तेलानं मीठ विरघळत नाही. आमचे उस्ताद थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतायचे, मग फुलतरूनं, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीनं, कोरडी चिंदी, शेवटी तेल. महागडे स्प्रे मी वापरून पाहिले. किटली बरी.

गेल्या महिन्यात भाच्यानं युगोस्लाव्हियाची एसकेएस घेतली. हिच्या नळीला आतून गंज रोखणारा क्रोमही नसतो, म्हणजे किटलीशिवाय गत्यंतर नाही. फोटोत ती मधात बुडवल्यासारखी दिसत होती. "मामा, काहीच केलं नाहीये हां," म्हणाला. मी त्याला बोल्ट काढायला लावला. दोन तासांनी फोन आला, आणि न बोलताच त्यानं बोल्ट फोनजवळ हलवला. काहीच वाजलं नाही. म्हटलं, "परत धू."