खिशातला कॉम्प्युटर प्रवासात कसा वापरावा

इथे बोलायचं आहे ते स्वतःचा पडदा नसलेल्या कॉम्प्युटरबद्दल. उदाहरण म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचं ४ किंवा ५ नंबरचं मॉडेल घेऊ. त्याचा बोर्ड ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा. मुक्कामाच्या खोलीतला टीव्ही हाच त्याचा पडदा. गाडीत बसल्या बसल्या काम उरकायचं असेल तर सरळ लॅपटॉप न्या, हा उपयोगाचा नाही. रात्री खोलीवर पोचल्यावर मेल, थोडं लिखाण, फोटोंची आवराआवर एवढंच असेल तर मात्र बॅग बरीच हलकी होते.

१. घरी रंगीत तालीम करा

जे न्यायचं ते सगळं पिशवीत भरा. मग घरच्या टीव्हीसमोर बसून फक्त पिशवीतल्याच वस्तूंनी कॉम्प्युटर सुरू करा. घरातली दुसरी एकही वायर उचलायची नाही. काय विसरलंय ते पाच मिनिटांत कळतं. मी पहिल्या खेपेला ही तालीम टाळली आणि नेमकी टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल घरी राहिली. या कॉम्प्युटरला मायक्रो एचडीएमआय, म्हणजे छोट्या तोंडाचं, लागतं, आणि ती केबल ऐनवेळी कुणाकडे उसनी मिळत नाही. दोन रात्री तो कॉम्प्युटर कागदांवर वजन म्हणून ठेवला होता.

पिशवीत कॉम्प्युटर, त्याचा चार्जर, केबल, छोटा कीबोर्ड आणि माऊस. पाय ४ आणि ५ दोन्हींमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ आहे, त्यामुळे त्यासाठी यूएसबीत लावायचा वेगळा डोंगल नको. पाय ५ ला हेडफोनचं भोक नाही. आवाज टीव्हीतून किंवा ब्लूटूथनेच येणार.

२. चार्जर त्याचाच न्या

पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर पुरतात. पाय ५ ला त्याच व्होल्टेजवर ५ अँपिअर हवेत, आणि फोनचे बहुतेक चार्जर तेवढे देत नाहीत. ३ अँपिअरवर तो सुरू होतो, पण यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो. कीबोर्ड चालतो, बाहेरची हार्डडिस्क रुसते. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून वीज घेण्याच्या फंदात पडू नका, तिथे साधारण अर्धा ते एक अँपिअर मिळतो. पॉवर बँकही मी नेत नाही. टीव्ही चालतोय म्हणजे खोलीत प्लग आहेच.

३. टीव्हीला जोडा

खरी कटकट इथे. भिंतीवरच्या टीव्हीमागे हात जात नाही, आणि काही ठिकाणी रिमोटवर इनपुट बदलायचं बटणच नसतं. मग सेट-टॉप बॉक्सकडे बघा. बॉक्समधून टीव्हीत जाणारी एचडीएमआय केबल फक्त बॉक्सच्या बाजूने काढा आणि कॉम्प्युटरला लावा. इनपुट बदलायची गरजच उरत नाही. त्यासाठी मायक्रो एचडीएमआयचं एक छोटं कन्व्हर्टर जवळ ठेवा. खोलीच्या मालकाला चालत नसेल तर अर्थात हात लावू नका.

पडद्याच्या कडा कापलेल्या दिसल्या तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' अशा नावाचा पर्याय शोधा.

४. नेट

लॉगिनचं पान उघडणारं वायफाय असेल तर आधी फोनवर लॉगिन करा, मग फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला द्यायची सोय, चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन वायफायचं नेटही असं पुढे देतात.

वेबसाइट उघडताना सुरक्षेची सूचना येऊ लागली तर घड्याळ बघा. पाय ४ ला वीज गेल्यावर वेळ लक्षात ठेवणारी बॅटरी नाही, पाय ५ ला ती वेगळी विकत घ्यावी लागते. नेट मिळेपर्यंत घड्याळ मागेच राहतं आणि वेबसाइटचं प्रमाणपत्र त्याला चुकीचं वाटतं. तारीख हाताने लावली की काम होतं.

५. कार्ड जपा

सगळा कॉम्प्युटर नखाएवढ्या मेमरी कार्डावर असतो, म्हणून निघण्याआधी त्याची हुबेहूब प्रत काढा. रास्पबेरी पाय ओएस या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या 'एसडी कार्ड कॉपिअर'ने आणि एका कार्ड रीडरने ते होतं. प्रत वेगळ्या बॅगेत ठेवा. वाटेत कार्ड बिघडलं तर दुसरं घालायचं आणि पुढे चालू.

हे कार्ड कुणाच्याही हाती लागलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर सहज वाचता येतं. म्हणून ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू नका आणि महत्त्वाची कागदपत्रं त्यावर ठेवू नका.

निघताना आधी शटडाउन द्या, मग प्लग काढा. चालू असताना वीज तोडली तर कार्ड खराब होऊ शकतं. सेट-टॉप बॉक्सची केबल परत होती तिथे लावा. टीव्हीमागे आपलं कन्व्हर्टर लोंबत राहिलंय का, तेही बघा. माझी अशी दोन गेलीत.