जुन्या मराठी ग्रंथांतून अवतरण देताना

'तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक' एवढ्यावर संदर्भ संपवणारा लेख तपासायला आला की, तो अभंग शोधण्यात माझी अर्धी दुपार जाते, कारण गाथा एकच नाही. मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ पासून निघालेली गाथा, देहूची गाथा आणि विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा यांतील अभंगांचा क्रम सारखा नसल्यामुळे नुसत्या क्रमांकाने वाचक भलत्याच अभंगापाशी पोहोचतो. म्हणून क्रमांकाआधी संपादक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष द्यावे, आणि क्रमांकाबरोबर अभंगाचा पहिला चरणही लिहावा, म्हणजे हाताशी दुसरी प्रत असलेल्यालाही तो सापडतो. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी अशी जोडी देण्याची रीत सोयीची आहे. मात्र ओव्यांची संख्या प्रतीप्रतीत कमीजास्त होत असल्याने तेथेही कोणती प्रत वापरली हे सांगितल्यावाचून सुटका नाही.

अवतरण जसेच्या तसे उतरवावे, हा नियम सर्वांना पाठ असतो. तो मोडतो अनुस्वारांपाशी. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' हा चरण आज बहुतेक ठिकाणी 'आम्हा सोयरे वनचरे' असा छापलेला दिसतो. मुळातले 'सोयरीं' हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे आणि ते 'वनचरें' या रूपाशी जुळते. 'सोयरे' केले की लिंगच बदलते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियम आपल्या स्वतःच्या वाक्यांना लागू करावेत, अवतरणाला नव्हे. त्याआधीच्या गद्यातील 'नांव', 'कांहीं', 'असें' ही रूपेही तशीच ठेवावीत आणि मुद्रितशोधकाला तशी सूचना आधीच द्यावी, नाहीतर तो बिचारा कर्तव्यबुद्धीने सगळे अनुस्वार पुसून टाकतो. मुळात उघड छापण्याची चूक असेल, तर ती परस्पर न सुधारता पुढे चौकोनी कंसात 'मुळात असेच' असे लिहावे. मधला मजकूर गाळल्यास तीन टिंबे द्यावीत, पण 'नाही', 'परंतु', 'जर' असे वाक्याचा रोख फिरवणारे शब्द त्या टिंबांत लपवू नयेत. एखादा शब्द आपण ठळक केला असेल, तर 'ठळक ठसा माझा' ही कबुली तेथेच द्यावी.

दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेले अवतरण घेताना बहुतेकांचा मोह असा असतो की, मधले पुस्तक वगळून थेट मूळ ग्रंथाचे नाव टाकावे. हे मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते, कारण मधल्या लेखकाने पृष्ठांक चुकवला असेल, तर तीच चूक आपण पाहिल्याच्या थाटात पुढे नेतो. मूळ ग्रंथ मिळवून पाहावा. तो न मिळाल्यास मूळ लेखकाचे नाव देऊन पुढे 'उद्धृत' असे लिहावे आणि प्रत्यक्ष वाचलेल्या पुस्तकाचा तपशील व पृष्ठांक द्यावा. मोबाइलवर फिरणाऱ्या ओळींना तर एवढाही आधार नसतो. शेवटी 'तुका म्हणे' आले म्हणून तो अभंग तुकारामांचा ठरत नाही, आणि गाथेत न सापडलेली ओळ त्यांच्या नावावर देऊ नये.

मराठी विश्वकोशातील नोंदींखाली सामान्यतः लेखकाचे नाव असते, तेव्हा 'विश्वकोशात म्हटले आहे' असे मोघम न लिहिता नोंदलेखक, नोंदीचे शीर्षक आणि खंड द्यावा. नोंद संकेतस्थळावर वाचली असल्यास पाहिल्याची तारीखही जोडावी. लागोपाठच्या तळटिपांत तोच ग्रंथ आल्यास 'तत्रैव' आणि पृष्ठांक पुरतो, परंतु हा शब्द मजकूर पूर्ण झाल्यावरच घालावा, कारण मध्ये एक नवी तळटीप शिरली की तो भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो.

जुन्या पुस्तकावर केवळ शक असेल, तर तो तसाच नोंदवून इसवी सन कंसात द्यावा. शकात ७८ मिळवले की सन मिळतो. पण शक चैत्रात बदलत असल्याने जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. महिना छापलेला नसेल, तर 'शके १७९१ (इ. स. १८६९-७०)' असे दोन्ही वर्षांनिशी लिहावे.