पक्षकाराच्या मोबाईलपासून निशाणीपर्यंत: मराठवाड्यातील तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातील तालुका न्यायालयात नव्याने वकिली सुरू करणाऱ्याकडे आज येणारा पक्षकार पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पक्षकारासारखा राहिलेला नाही. पूर्वी पुढची तारीख वकिलाकडूनच कळत असे आणि त्या माहितीवर वकिलाचा निम्मा रुबाब टिकून असे. आता प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या (न्यायालयांच्या ऑनलाईन माहितीसेवेच्या) ॲपमध्ये टाकला की तारीख, टप्पा आणि झालेला आदेश गेवराईच्या किंवा कळमनुरीच्या पक्षकाराला घरबसल्या दिसतो. तारीख सांगण्याचे काम वकिलाच्या हातून गेले; पुरावा उभा करण्याचे काम मात्र अधिक अवघड झाले, कारण पुराव्याचा मोठा भाग कागदावरून मोबाईलमध्ये गेला आहे. मोबाईलमधला पुरावा निशाणी म्हणून, म्हणजे न्यायालयाने क्रमांक देऊन नोंदलेला पुरावा म्हणून, दिवाणी वकिलीत कसा उभा करावा, हे पुढे सांगितले आहे.

वकीलपत्रावर सही घेण्याआधी पक्षकाराच्या नावाने ई-कोर्ट्सवर शोध घ्यावा. भावकीतील जुने दावे पक्षकार विसरतो, कधी जाणूनबुजून सांगत नाही, आणि ते कैफियतीतून (प्रतिवादीच्या लेखी उत्तरातून) समोर आले की आपली पंचाईत होते. नावे तेथे इंग्रजी अक्षरांत असतात आणि एकच शेख किंवा चव्हाण चार प्रकारे लिहिलेला असतो; म्हणून पूर्ण नावाऐवजी पहिली तीन-चार अक्षरे आणि वर्ष टाकून शोधावे. ॲपवर दिसणारी तारीख मात्र रोजनाम्याशी (न्यायालयातील दैनंदिन कामकाजाच्या नोंदीशी) ताडून पाहावी. नोंद उशिरा झालेली असू शकते आणि "ॲपवर वेगळी तारीख होती" हे कारण प्रत्येक न्यायाधीश ऐकून घेईलच असे नाही.

यानंतर मोबाईलचा विषय येतो, आणि बहुतेक कार्यालयांत येथेच चुकीची सुरुवात होते. पक्षकार म्हणतो की भावाचा आवाज रेकॉर्ड केला आहे, आणि वकील सहज म्हणतो, "मला व्हॉट्सॲपवर पाठवा." असे करू नये. पुढे पाठवलेली फाईल ही प्रतीची प्रत असते. शिवाय त्याच फाईलवरून सीडी किंवा पेन ड्राईव्ह तयार केला, तर ती कोणत्या उपकरणातून आली या प्रश्नाचे उत्तर वकिलाचा स्वतःचा मोबाईल हे होऊन बसते आणि आपल्याच दाव्यात साक्षीदार होण्याची वेळ येते. ऐकायचे असेल तर पक्षकाराच्याच मोबाईलवर, त्याच्यासमोर ऐकावे. संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असल्यास ती बंद करायला सांगावे, *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक (त्या मोबाईलचा ओळख क्रमांक) लिहून घ्यावा, आणि मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका, जागा भरली म्हणून मुलाला काही पुसू देऊ नका, हे लेखी सूचनापत्रावर सही घेऊन सांगावे. दावा निकाली निघेपर्यंत त्या मोबाईलचे आयुष्य संपण्याची शक्यता मोठी असते, म्हणून परवडत असेल तर पक्षकाराने वापरासाठी दुसरा मोबाईल घ्यावा आणि हा बंद करून जपून ठेवावा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतच्या जुन्या कायद्यातील कलम ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत द्यायच्या या कलमाखालील प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीतच दिलेला असून त्याचे दोन भाग आहेत: भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने. उपकरणाचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय यांबरोबर फाईलचे हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढले, हेही त्यात लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलवरून गणिताने निघणारी अक्षर-अंकांची ओळ. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पार बदलते. म्हणून फाईल पेन ड्राईव्हवर घेतली त्याच दिवशी हॅश काढावा आणि टिपणात वेळेसह नोंदवावा. तज्ज्ञ कोणाला म्हणायचे यावर समोरचा वकील हमखास हरकत घेतो. तेव्हा ज्याची शैक्षणिक पात्रता आणि अनुभव शपथपत्रात मांडता येईल आणि जो उलटतपासाला उभा राहू शकेल, अशीच व्यक्ती निवडावी. न्यायालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून "सर्टिफिकेट" आणणे धोक्याचे आहे.

या विषयावर देशभर उद्धृत होणारा निवाडा मराठवाड्यातलाच आहे, त्यामुळे तो मुळातून वाचण्याचा आळस येथील वकिलाने तरी करू नये. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे नामनिर्देशनपत्र दुपारी ३ ची मुदत उलटल्यावर स्वीकारले गेले, अशी याचिका कैलास गोरंट्याल यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे केली आणि निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा आधार घेतला. चित्रीकरणाच्या प्रती मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळताना निकाल इतर पुराव्यावरही टिकतो असे म्हटले, परंतु प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्षीने त्याची उणीव भरून निघत नाही, हे स्पष्ट केले. आपल्या रोजच्या कामासाठी त्यातील दोन गोष्टी मोलाच्या आहेत. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला येऊन हजर केले तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही. आणि उपकरण परक्याच्या ताब्यात असून तो प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. म्हणून बँक, मोबाईल कंपनी किंवा सीसीटीव्ही लावलेला दुकानदार यांच्याकडे आधी लेखी मागणी करावी, पोच जपावी आणि नकार किंवा मौन दिसताच अर्ज द्यावा. सीसीटीव्हीचे चित्रीकरण थोड्याच दिवसांत जुन्यावर नवे चढून नाहीसे होते, त्यामुळे ही मागणी दावा दाखल होण्याची वाट पाहत ठेवू नये.

आवाजाचा लेखी उतारा देताना बोली सुधारू नये. "तुहं काय हाय ते बघू नंतर" या वाक्याचा उतारा "तुझा हिस्सा नंतर देईन" असा केला, तर उलटतपासात पाच मिनिटांत सगळा उतारा संशयास्पद ठरतो. संभाषण दखनीत किंवा गोरमाटीत (बंजारा बोलीत) असल्यास मूळ शब्द देवनागरीत आणि मराठी अनुवाद शेजारी, असे दोन रकाने करावेत.

वाटणीच्या दाव्यांत झालेला बदल तंत्रज्ञानाइतकाच समाजातून आलेला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मोबाईलवर उतरवता येतो. त्यामुळे वडील वारल्यानंतर फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) आपले नाव का नाही, हे लेकीला सासरी बसून कळते आणि ती वकिलाकडे येते. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला, आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, असे सांगितले. भावांची ठरलेली कैफियत "तोंडी वाटणी आधीच झाली" अशी असते. त्या निवाड्यानुसार तोंडी वाटणी केवळ अपवादात्मक परिस्थितीत आणि सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल तरच मान्य होते, म्हणून दोन्ही बाजूंच्या वकिलांना जुन्या फेरफारांपर्यंत जावेच लागते. येथे ऑनलाईन सातबारा अपुरा पडतो. निजामाच्या काळातील उर्दू किंवा मोडी कागद आणि नंतरचे खासरा पाहणी पत्रक (जमिनीचा जुना पाहणी अभिलेख) तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेवरच मिळवावे लागते, आणि ते वाचणारा माणूस आधीच हेरून ठेवावा लागतो. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध घेतला तेव्हा अशा वाचकांची किंमत सर्वांनाच कळली. बहिणीने वारसनोंदीच्या वेळी दिलेला जबाब म्हणजे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नव्हे, आणि फेरफाराने मालकी ठरत नाही, हे दोन मुद्दे दाव्यातच मांडावेत.

तिला नेमके काय हवे, हेही नीट विचारावे. अनेकींना जमिनीचा ताबा नको असतो, सातबाऱ्यावर नाव हवे असते आणि माहेरही तुटायला नको असते. अशा वेळी राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड झाली तर न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि निवाड्यावर अपील होत नाही. स्त्रीला उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, ही माहिती आपली फी बुडाली तरी तिला दिलीच पाहिजे.

बीड जिल्ह्यातील पक्षकार ऊसतोडीला गेला की दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तारखेला येत नाही आणि दावा हजेरीअभावी काढला जातो. साक्ष दृक्-श्राव्य माध्यमातून घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात २००३ मध्येच मान्य केले आहे. तरीही कारखान्याच्या तळावरून मोबाईल धरून साक्ष देता येईल, असा समज करून देऊ नये. दुसऱ्या टोकाला न्यायालयाने मान्य केलेले ठिकाण आणि समन्वयक लागतो; तेव्हा जवळच्या न्यायालयातील सोयीची मागणी करणारा अर्ज टोळी निघण्यापूर्वीच द्यावा.

समन्सबाबत एक सावधगिरी बाळगावी. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका वसुलीच्या दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) व्हॉट्सॲपवरील निळ्या खुणांवरून नोटीस बजावली गेल्याचे मानले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांनी चौकशीला बोलावण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर देऊ नये, असे बजावले. त्यामुळे दिवाणी कामात न्यायालयाची परवानगी घेऊन व्हॉट्सॲप हा बेलिफाच्या जोडीचा मार्ग म्हणून वापरावा आणि फौजदारी नोटिशीत तेवढ्यावर विसंबू नये.

ई-फायलिंगबद्दल फार सांगण्यासारखे नाही, ते दोनदा केले की अंगवळणी पडते. खरी अडचण टंकलेखकाची आहे. जुन्या फाँटमध्ये केलेला दावा दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो आणि त्यात शब्द शोधता येत नाही. म्हणून टंकलेखन युनिकोडमध्येच करून घ्यावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मसुद्याची भाषा आणि तारखांचा क्रम लावण्यापुरती वापरण्यास हरकत नाही. निवाड्यांसाठी मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. पक्षकाराची कागदपत्रे, विशेषतः कौटुंबिक वाद आणि अल्पवयीनांची नावे, अशा साधनात टाकू नयेत. पक्षकार आणि वकील यांच्यातील गोपनीयता ही भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ची बाब आहे, सोयीची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निवाड्यांचे मराठी अनुवाद आता उपलब्ध आहेत. ते समजून घेण्यासाठी वाचावेत, युक्तिवादात मात्र मूळ इंग्रजी पाठच द्यावा. प्रत्येक निवाडा न्यायालयाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यावा, हवा तो परिच्छेद खूण करून यादीसोबत जोडावा आणि एक प्रत समोरच्या वकिलाला आदल्या दिवशी द्यावी.